रुबेन दारियो : कवी आणि वकिलात

स्पॅनिश काव्याला ‘मॉदेर्निस्मो’चे वळण देणारा कवी म्हणून रुबेन दारियो (१८६७–१९१६) सुप्रतिष्ठित आहे. निकाराग्वासारख्या चिमुकल्या देशाचा परराष्ट्रातील प्रतिनिधी म्हणून त्याने जे भोगले, त्याकडे मात्र अभ्यासक ओझरतेच पाहतात.

मेतापा या लहानशा गावी जन्मलेल्या दारियोचा ‘आसूल’ हा ग्रंथ १८८८ साली चिलीत प्रसिद्ध झाला. १८९२ मध्ये कोलंबसाच्या सफरीच्या चतुःशताब्दीनिमित्त निकाराग्वाच्या शिष्टमंडळातून तो स्पेनला गेला. पुढच्याच वर्षी ब्वेनोस आइरेस येथील वाणिज्यदूताचे पद त्याला लाभले; पण ते स्वदेशाचे नव्हे, कोलंबियाचे! तेथे ना कोलंबियाचा व्यापार, ना फारसे नागरिक. कोलंबियाचे अध्यक्ष राफाएल नून्येस स्वतः कवी होते. आपल्याकडील राजाश्रयाचाच हा प्रकार म्हणावयाचा. १८९४ मध्ये नून्येस वारले आणि लवकरच पदही गेले. उरला तो ‘ला नासिओन’ या वृत्तपत्राच्या लेखनाचा आधार, आणि तो आयुष्यभर टिकला.

१९०३ मध्ये तो निकाराग्वाचा पॅरिसमधील वाणिज्यदूत झाला. येथून कवी आणि दूत यांचा झगडा सुरू होतो. रूझवेल्टला उद्देशून त्याने लिहिलेली प्रखर कविता १९०५ च्या संग्रहात आली. उत्तर अमेरिकेच्या विस्तारवादाला तिने आव्हान दिले. पुढच्याच वर्षी रिओ दि जानेरोच्या अखिल-अमेरिकी परिषदेत शिष्टमंडळाचा सचिव असताना त्याने त्याच सत्तेच्या गरुडाचे स्वागतकाव्य रचले. समकालीनांनी त्याला दोष दिला, आणि तो अनाठायी नव्हता. दुबळ्या देशाच्या दूताची अगतिकताही त्या कवितेत आहे, एवढेच म्हणता येईल.

१९०८ साली अध्यक्ष सेलाया यांचा निवासी मंत्री म्हणून त्याने माद्रिदला स्पेनच्या राजापुढे अधिकारपत्रे सादर केली. दरबारी इतमाम राखणे भाग होते, पण मायदेशाहून वेतन वेळेवर येईना. वकिलातीचा संसार कवीच्या लेखणीवर चालला. अखेर १९०९ मध्ये तो माद्रिद सोडून निघाला. वर्षअखेरीस सेलायांचीही सत्ता गेली.

१९१० ची मेक्सिकोयात्रा तर अधिकच दारुण. स्वातंत्र्याच्या शताब्दीसाठी तो सरकारी प्रतिनिधी म्हणून निघाला, पण प्रवासातच त्याला पाठविणारे सरकार कोसळले. वेराक्रूझच्या लोकांनी कवीचे स्वागत केले. मेक्सिकोच्या सरकारने मात्र दूत म्हणून त्याला राजधानीत येऊ दिले नाही. तो हवानाला परतला.

६ फेब्रुवारी १९१६ रोजी निकाराग्वातील लेओन येथे त्याचा मृत्यू झाला. तेथील कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन करण्यात आले.