राक्षसांना अर्थ देणारा प्राध्यापक

'बेओवुल्फ' हे प्राचीन इंग्रजी महाकाव्य. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्वान मंडळी त्याच्याकडे प्रामुख्याने इतिहासाचे साधन म्हणून पाहत असत. त्यातील राक्षस आणि ड्रॅगन त्यांना पोरकट वाटत. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने ब्रिटिश अकादमीपुढील व्याख्यानात या मताला छेद दिला. राक्षस हाच या काव्याचा गाभा आहे, कारण शेवटी पराभव अटळ आहे हे ठाऊक असूनही माणूस का लढतो, हा प्रश्न त्यांच्यामुळेच उभा राहतो, असे त्यांनी मांडले. हे प्राध्यापक म्हणजे जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन. पुढे त्यांच्याच राक्षसांनी एका नव्या खेळात प्रवेश केला आणि तेथे त्यांचे जे झाले, ते त्यांना पाहता आले नाही.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील बँकेत अधिकारी होते. ते १८९६ मध्ये वारले, तेव्हा आई दोन्ही मुलांसह इंग्लंडमध्ये होती. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात काढलेली वर्षे टॉल्किन कधीही विसरले नाहीत. आईने १९०० मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला आणि नातेवाइकांनी पाठ फिरवली. १९०४ मध्ये मधुमेहाने तिचेही निधन झाले. बारा वर्षांच्या मुलाचा सांभाळ एका कॅथलिक धर्मगुरूंनी केला. आईची श्रद्धा मात्र त्याने आयुष्यभर जपली.

ऑक्सफर्डला इंग्रजीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवून आणि एडिथ ब्रॅट यांच्याशी विवाह करून हा तरुण १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरला. सोमच्या रणभूमीवर त्याने संदेशवहन अधिकारी म्हणून काम केले. खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने त्याला मायदेशी परतावे लागले. शाळेतल्या चार जिवलग मित्रांच्या मंडळातले दोघे मात्र त्या वर्षी परतले नाहीत. या आजारपणातच त्याने एल्फ आणि त्यांच्या शत्रूंच्या कथा लिहायला घेतल्या.

युद्धानंतर काही काळ ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत, मग लीड्स विद्यापीठात आणि १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. शब्दांची मुळे शोधणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि छंदही. त्यांचे राक्षस याच खाणीतून आले. 'ऑर्क' हा शब्द त्यांनी जुन्या इंग्रजीतून उचलला. 'एंट' म्हणजे त्या भाषेत महाकाय पुरुष; टॉल्किन यांनी त्याला चालते-बोलते झाड केले. 'हॉबिट' हा शब्द मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना, कोऱ्या राहिलेल्या एका पानावर उमटला. 'द हॉबिट' १९३७ मध्ये आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६५ मध्ये स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयीन तरुणांनी ही पुस्तके डोक्यावर घेतली.

या तरुण वाचकांत टेबलावर शिशाचे सैनिक मांडून युद्धाचे खेळ खेळणारेही होते. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या १९७१ च्या नियमपुस्तिकेला अद्भुत प्राण्यांची पुरवणी जोडलेली होती. तीत ऑर्कांच्या टोळ्यांना थेट मॉर्डोर आणि आयसेनगार्डची नावे होती. २ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९७४ मध्ये, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला.

त्यात हॉबिट, एंट, ऑर्क, बॅलरॉग सारेच होते. पण आता प्रत्येकाला आकडे चिकटले होते. कोण किती घाव सोसेल, किती वेगाने चालेल, किती संख्येने भेटेल याचा तक्ताच तयार होता. ऑर्क भेटणार ३० ते ३०० च्या झुंडीने. कादंबरीत एकच बॅलरॉग गॅन्डाल्फसारख्याचा अंत घडवतो. खेळात ते एका वेळी सहापर्यंत भेटू शकत.

सारेच राक्षस टॉल्किन यांचे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टॉल्किन यांचा ट्रोल उन्हात दगड होतो. खेळातला, जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल पोल अँडरसन यांच्या कादंबरीतून आला. रॉबर्ट हॉवर्ड आणि फ्रिट्झ लायबर यांचे ऋण गायगॅक्स मोकळेपणाने मानत. टॉल्किन यांचा प्रभाव मात्र ते कमी लेखत. तरीही १९७७ मध्ये टॉल्किन यांच्या कथांचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीने आक्षेप घेतला, तेव्हा कोणाचे किती घेतले होते हे उघड झाले. हॉबिटचे 'हाफलिंग' झाले, एंटचे 'ट्रिअंट'; बॅलरॉगचे नाव गाळले गेले. 'ऑर्क' तेवढा टिकला, कारण तो शब्द मुळातच जुना होता.

टॉल्किन यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न याच ऑर्कांचा होता. दुष्टाला नवे काही निर्माण करता येत नाही, तो केवळ चांगले बिघडवू शकतो, ही त्यांची श्रद्धा. मग ऑर्क कशातून बिघडले? त्यांना आत्मा आहे का? त्यांचा उद्धार संभवतो का? उतारवयातल्या टिपणांत त्यांनी याची निरनिराळी उत्तरे लिहिली. समाधान कशानेच झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेल्या मुलाला, क्रिस्तोफरला, त्यांनी पत्रातून बजावले होते की खऱ्या युद्धात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. सोमचा चिखल पाहिलेल्या माणसाचे ते बोल होते.

खेळाच्या तक्त्यात या शंकेला जागा नव्हती. ऑर्क म्हणजे मारण्याजोगा शत्रू, एवढे पुरे होते. सुमारे अर्धशतकानंतर, २०२० मध्ये, खेळाच्या तेव्हाच्या प्रकाशकांनीच एक संपूर्ण जमात जन्मतः दुष्ट दाखवणे योग्य नसल्याचे मान्य केले आणि ऑर्कांचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. जो प्रश्न प्राध्यापकांच्या टिपणांत अनुत्तरित राहिला होता, तो अशा रीतीने फासे टाकणाऱ्यांच्या टेबलावर येऊन पोहोचला.

टॉल्किन यांची समाधी ऑक्सफर्डच्या वोल्व्हरकोट दफनभूमीत, एडिथ यांच्या शेजारी आहे. दगडावर दोघांच्या नावांखाली त्यांच्याच कथेतल्या प्रेमिकांची, बेरेन आणि लूथिएन यांची, नावे कोरली आहेत.