तुरुंगातले लोकमान्य

गणेशोत्सव आला की लोकमान्य टिळकांची आठवण निघतेच. ‘केसरी’, स्वदेशी, सार्वजनिक गणपती हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्यांच्या आयुष्यातली सुमारे सात वर्षे तुरुंगात गेली. तिथे त्यांनी आपला आचार आणि चिंतन कसे सांभाळले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

बळवंतरावांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीचा. पहिला तुरुंगवास 1882 साली घडला. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात ते आणि आगरकर 101 दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. एक धर्मनिष्ठ, दुसरा कट्टर बुद्धिवादी. दोघांचे वाद तिथेही रंगत. सरकारने दाराला कुलूप लावले, पण कोणी काय मानावे हे त्याला ठरवता आले नाही.

1897 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ही शिक्षा फार कठीण गेली. कांदा-लसूण घातलेले तुरुंगातले कालवण ते खात नसत. भाकरी पाण्यात भिजवून दिवस काढल्यामुळे वजन झपाट्याने उतरले. मॅक्समुल्लर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, ऋग्वेदाची प्रतही पाठवली. सप्टेंबर 1898 मध्ये, मुदतीच्या सहा महिने आधी, त्यांची सुटका झाली.

1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेण्यात आले. तिथे त्यांना ग्रंथ मिळत गेले आणि स्वयंपाकाला एक ब्राह्मण कैदी देण्यात आला. लिहिण्यावर मात्र कडक बंधने होती. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि शाईऐवजी पेन्सिल, एवढेच हाती. त्याच वह्यांत 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ उतरले. 1912 साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमीही त्यांना कोठडीतच कळली. जून 1914 मध्ये ते सुटले तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. पुढे त्या परत मिळाल्या आणि 1915 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. धारवाडच्या आलूर वेंकटरावांनी तो कन्नडमध्ये आणला. त्यामुळे आपल्या भागात तो दोन्ही भाषांतल्या घरांत पोचला.

ही सोय टिळकांना मिळाली ती त्यांचे नाव मोठे होते म्हणून, हे विसरून चालणार नाही. ब्रह्मदेशातल्याच कटाच्या खटल्यात शिक्षा झालेले पंडित रामरखा अंदमानात पोचले, तेव्हा त्यांचे जानवे काढून घेण्यात आले. त्यांनी अन्न सोडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्यासाठी रदबदली करायला विलायतेतला कोणी पंडित नव्हता. एकाला सवलत म्हणून मिळाले तेच दुसऱ्याला प्राण देऊनही मिळाले नाही. अशी गोष्ट हक्क म्हणूनच असावी लागते.

स्वतंत्र भारताच्या घटनेने 25 व्या कलमात सदसद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले. कैदी झाला म्हणून माणूस मूलभूत हक्कांना पूर्ण मुकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली सुनील बत्रा खटल्यात स्पष्ट केले. अमक्या जातीने स्वयंपाक करावा आणि तमक्या जातीने झाडलोट, अशी तुरुंगांतली कामांची वाटणी त्याच न्यायालयाने 2024 साली घटनाबाह्य ठरवली. हेही योग्यच झाले. एकाचा आचार सांभाळताना दुसऱ्याच्या हाती केवळ जन्मामुळे झाडू देणे, याला धर्मस्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला. आपल्या देशपांडे नगरातल्या अनेक घरांत आजोबांच्या वेळचे ‘गीतारहस्य’ कपाटात असेल. उत्सवाच्या या दिवसांत ते खाली काढावे आणि निदान प्रस्तावना तरी मुलांना वाचून दाखवावी. तो ग्रंथ कुठे बसून लिहिला गेला, हेही त्यांना जरूर सांगावे.