गागोद्याचा विन्या

बचत गटाच्या कामासाठी पेण-रोह्याच्या गावांतून फिरताना मला एक खोड लागली होती. कुणी डोळ्यांत पाणी आणून काही सांगायला लागली, की माझा उपदेश सुरू! गेल्या पावसाळ्यात रोह्याजवळच्या एका गावात नुकताच नवरा गेलेल्या बाईला मी धीर धर, मुलांकडे बघ, असं खूप काही ऐकवलं. ती उठून आत गेली. पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. मनाला फार लागलं. तेव्हा आठवले ते आपल्या पेण तालुक्यातले विनोबा.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गागोद्याचा. आई रुक्मिणीबाई त्यांना विन्या म्हणायची. घरात एक आंधळे काका होते. सगळे त्यांचं प्रेमाने करायचे. पुढे कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे काका वारल्याचं कळलं, पण सुतक काही पाळलं नाही. विन्याने आईला कारण विचारलं, तेव्हा समजलं की ते नात्याचे नव्हतेच! निराधार म्हणून आले आणि घरचे होऊन गेले.

शेजारीण परगावी गेली, की तिच्या घरचा स्वयंपाकही आईच करायची. पण आधी आपला, मग त्यांचा. हा स्वार्थच की, म्हणून विन्याने तिला चिडवलं. तिने समजावलं, की त्यांचं आधी केलं तर जेवायच्या वेळेला गार होईल. किती बारीक विचार!

१९१८ मध्ये ही आई गेली. विनोबा तेव्हा २३ वर्षांचे. संस्कृत न येणाऱ्या आईला गीता समजावी, ही इच्छा त्यांच्या मनात राहिली. १९३० मध्ये त्यांनी 'गीताई' लिहायला घेतली. दुःख असं कामात उतरलं.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांना विनोबांनी आधी विचारलं, की तुम्हाला काय हवं? त्यांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावासमोर विषय काढला, आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. पोटाचं दुखणं सांभाळत विनोबा पुढे तेरा वर्षं देशभर चालले. मिळालेली सगळीच जमीन कसण्याजोगी नव्हती, बरीचशी वाटलीही गेली नाही, हेही खरंच. पण आधी विचारायचं, ऐकायचं, ही रीत माझ्या मनात राहिली. १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला ते गेले.

मी पुन्हा त्या बाईकडे गेले. ती वाल निवडत बसली होती. मीही सूप पुढे ओढलं, आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने तीच बोलली. तिला धीर नको होता हो, तो तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होता. निराधार योजनेच्या कागदांसाठी तहसील कचेरीत जायला सोबत हवी होती, एवढंच.

सोमवारी आम्ही दोघी सकाळची एसटी पकडून गेलो.