दर हजारी किती? बाबासाहेबांनी मागितलेला हिशेब

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु सरकारी पैशाचा पै-पैचा हिशेब मागणारे अर्थतज्ज्ञ बाबासाहेब आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच भेटतात. छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात वावरणाऱ्या आम्हा मंडळींना ही उणीव अधिक बोचते.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ च्या एम.ए.च्या प्रबंधात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची तिजोरी तपासली. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. तो १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रा. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना दिली. १८७१ पूर्वी खर्च करायचा प्रांतांनी आणि पैसा पुरवायचा मध्यवर्ती सरकारने, अशी रीत होती. पैसा उभारण्याची जबाबदारीच नसल्याने खर्च करणाऱ्याचा हात सैल सुटे, हे त्यांनी दाखवून दिले. मिठावर कर घेऊन गरिबाला पिळायचे, पैसा लढायांवर उडवायचा आणि शिक्षणाच्या ओंजळीत चार थेंब टाकायचे, ही त्या राज्याची नीती त्यांनी उघडी पाडली.

हा अभ्यास कपाटात पडून राहिला नाही. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात ते सभासद म्हणून गेले. १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग त्यांच्यावरचा खर्च गेला कुठे? सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्चते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, ही त्यांची मागणी होती. तिसरा हिशेब तर सर्वांत झोंबणारा. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची दर हजारी ११९ मुले होती आणि मागासवर्गीयांची अवघी १८!

दरडोई, दर शेकडा, दर हजारी. या तीन मापांत बाबासाहेबांची सारी पद्धत आहे. नुसती रक्कम मोठी की लहान, यावर ते थांबत नसत. एकाच मापाने दोन समाज, दोन खाती शेजारी ठेवली की अन्याय आपोआप बोलू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ साली सायमन कमिशनला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दलितांच्या शिक्षणाचे निवेदन सादर केले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अलिगढ आणि बनारस विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानाशी तुलना करून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. घटना समितीत तर महालेखापरीक्षक हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी १९४९ साली मांडले. आणि १९५० साली उच्च शिक्षणात मागे ठेवलेल्या मराठवाड्यात, याच आपल्या शहरात, त्यांनी महाविद्यालय उभे केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता आपण आपल्याकडे पाहू. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावरून राज्यात वाद पेटला. आपण निषेध केला, तो योग्यच होता. परंतु वळवलेल्या रकमेपलीकडे आमच्या हाती काय होते? जो पैसा वळवला जात नाही, त्यातून तरी काय उभे राहते? वसतिगृहात दर हजार विद्यार्थ्यांमागे जागा किती? शिष्यवृत्ती अर्जानंतर किती दिवसांनी मिळते? वसतिगृहात आलेल्या शंभरांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडतात? जालना, बीड, नांदेड यांची उत्तरे एकाच तक्त्यात, एकाच वर्षाची, एकाच मापाची हवीत. एका जिल्ह्याने मंजूर जागा सांगायच्या आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष राहणारी मुले, असे झाले तर तुलना फसते आणि तरतुदीच्या मोठ्या आकड्याआड नाकर्तेपणा लपतो.

माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. नागसेनवनातील आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा असा एक तक्ता दरवर्षी १४ एप्रिलपूर्वी तयार करावा, असे आम्ही सुचवतो. मिरवणुकीला जितकी माणसे लागतात, त्याच्या शतांश माणसांतही हे काम होईल. बाबासाहेबांना सरकारी पुस्तकांतून आकडे एकट्याने वेचावे लागले. आपण तर त्यांच्यामुळे शिकलेले हजारो आहोत!