शेतकऱ्यांच्या दारी गेलेले आचार्य

चार इयत्ता शिकलेल्याने नांगरास हात लावणे कमीपणाचे होय, अशी आमच्या पुष्कळ तरुणांची समजूत असते. त्यांच्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय आचार्य जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म सन १८६४ च्या सुमारास मिसूरी प्रांतात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. ते तान्हे असतानाच चोरट्यांनी त्यांस व आईस पळविले. मूल परत मिळाले, आईचा थांग कधी लागला नाही. लोकांचे कपडे धुऊन त्यांनी शिक्षण केले. एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला व रंग पाहताच दार लावून घेतले. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. तथापि सन १८९१ मध्ये आयोवा येथे जाऊन ते शेतकीशास्त्र शिकू लागले व १८९६ मध्ये तेथील उच्च पदवीस पोहोचले.

त्याच वर्षी बुकर वॉशिंग्टन ह्यांनी त्यांस अलाबामातील टस्कीगी विद्यालयात बोलाविले. तेथे प्रयोगशाळा नव्हती. टाकून दिलेल्या बाटल्या गोळा करून त्यांनी ती उभारली. खरी अडचण निराळीच होती. विद्यार्थ्यांच्या आईबापांनी गुलामगिरीत कापूस वेचला होता. लेकराने शाळेत येऊन पुन्हा कुदळच धरावी, हे पुष्कळांस रुचेना. आम्हांस ह्याचे नवल वाटत नाही. परंतु कार्व्हर शिकवीत ती शेती निराळी होती. वर्षानुवर्षे कापूसच पेरून जमीन निकस झाली होती. चवळी व भुईमूग ह्यांच्या मुळांवरील गाठींमुळे तिचा कस परत येतो, हे त्यांनी शेतात करून दाखविले. पिकाचे पुढे करावे काय, म्हणून सन १९१६ मध्ये भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी पुस्तिका काढली. (शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच प्रथम केले असे सांगतात, ते खरे नव्हे.)

जे शाळेत येऊ शकत नसत, त्यांच्यासाठी १९०६ मध्ये एक गाडी निघाली. तीत नांगर, बियाणे व लोणी काढण्याची यंत्रे घालून ती गावोगाव नेत. ह्या गाडीवर नेमलेले टॉमस कॅम्पबेल हे टस्कीगीचेच विद्यार्थी, वय अवघे २३. शेतकीच्या ज्ञानावर त्यांस सरकारी शेतकी खात्याची नोकरी मिळाली. त्या कामावरील ते पहिले कृष्णवर्णीय होत. १९१८ मध्ये खेचरांच्या जागी मोटार आली.

कार्व्हर अविवाहित राहिले. आपली शिल्लक त्यांनी शेतकी संशोधनाच्या निधीस दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले. टस्कीगी येथे बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या शेजारी त्यांची कबर आहे.