कळ्यांना वाचा देणाऱ्या मालतीबाई

आमच्या अंबाजोगाईस योगेश्वरीच्या देवळापाशी फुलांच्या परड्या सदैव भरलेल्या असतात. लोककथा अशी की, देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. परंतु मुहूर्त टळला आणि वधू येथेच कुमारिका म्हणून राहिली. देवीचे हे कुमारिकापण सर्वांनी पूज्य मानिले. घरातील मुलीचे लग्न लांबले म्हणजे मात्र तेच लोक कुजबुजू लागतात. हे दोन न्याय एकाच गावात सुखाने कसे नांदतात, असा विचार ज्यांच्या कथा वाचून मनात आल्यावाचून राहत नाही, त्या मालतीबाई बेडेकर यांचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

मालतीबाईंचा जन्म १९०५ सालचा. माहेरचे नाव बाळूताई खरे. वडील अनंतराव हे शिक्षक व सुधारक विचारांचे गृहस्थ. आई इंदिराबाई मोठ्या कर्तबगार, त्यांनी दूधदुभत्याचा धंदा पुष्कळ वर्षे स्वतः चालविला. मुलींनी शिकावे, हा या घरचा निश्चय होता. तदनुसार बाळूताई पुण्याजवळ हिंगणे येथे महर्षी कर्वे यांच्या संस्थेत दाखल झाल्या. कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी ही संस्था काढिली होती. त्या काळी पती वारला की स्त्रीच्या कपाळीचे कुंकू जाई, त्याबरोबर केसांतील फूलही जाई. ते फूल तिचे कधी नव्हतेच. पतीच्या आयुष्याबरोबर ते तिला मिळे आणि त्याच्याबरोबरच सुटे. अशा स्त्रिया जेथे शिकून आपल्या पायांवर उभ्या राहत होत्या, तेथे बाळूताई वाढल्या. कर्वे यांनीच १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाची उच्च पदवी त्यांनी मिळविली आणि मुलींच्या शाळेत अध्यापन सुरू केले.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. या नावाचे मर्म समजण्यासाठी आपल्या वाङ्मयातील फुलांकडे थोडे पाहिले पाहिजे. फुलांवर प्रेम करणारे कवी आपल्याकडे थोडे नाहीत; रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना तर महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखतो. मुलींची नावे आपण जाई, जुई, शेवंती अशी ठेवितो. उपवर मुलीस कळी म्हणणे ही काव्यातील जुनी रीत. परंतु त्या रीतीत एक गृहीत दडलेले असते: कळी उमलावयाची ती दुसऱ्या कोणासाठी तरी. तिचा सुगंध दुसऱ्याने घ्यावयाचा, तिला दुसऱ्याने खुडावयाचे, तिचे वर्णनही दुसऱ्यानेच करावयाचे. स्वतः कळीस काय वाटते, हे विचारण्याचे कारण कोणास पडले नव्हते. मालतीबाईंनी कळी हा शब्द जुनाच ठेविला आणि त्यापुढे निःश्वास हा शब्द जोडिला. कळी श्वास घेते, म्हणजे ती शोभेची वस्तू नव्हे. ती व्यक्ती आहे. आमच्या मते हे दोन शब्द एकत्र आणण्यातच त्या पुस्तकाचे अर्धे सामर्थ्य आहे.

या कथांतील मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत. वय वाढत आहे आणि विवाह जुळत नाही. कोठे हुंडा आडवा येतो, कोठे मुलीचे शिक्षणच. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नावच पाहा. मुलीच्या पगारावर बापाचे घर चालू लागले, की तिच्या स्वतःच्या घराचा विचार मागे पडतो. असे करणारी माणसे दुष्ट नसतात, प्रेमळच असतात, म्हणून तर मुलीस बोलणे अवघड होते. आईबापांनी ही कथा अवश्य वाचावी. कर्तव्य म्हणून मुलीने किती द्यावे आणि घराने किती घ्यावे, याचा हिशेब आपल्याकडे सहसा मांडिला जात नाही.

पुस्तकावर लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. आणि शिरूरकर हे तर गावावरून पडणारे आडनाव. (आमच्याच जिल्ह्यात एक शिरूर आहे!) ही विभावरी कोण, यावर तर्क सुरू झाले आणि मोठा गहजब उडाला. मुलींच्या शाळेतील एका अविवाहित शिक्षिकेने हे स्वतःच्या नावाने लिहिले असते, तर तिच्या नोकरीचे व अब्रूचे काय झाले असते, हे सांगावयास नको. स्त्रीला मन आहे एवढेच लिहिण्यासाठी त्या स्त्रीस आपले नाव लपवावे लागले!

पुढे ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) आणि ‘विरलेले स्वप्न’ (१९३५) ही पुस्तके आली. शाळेतील काम सोडून मालतीबाईंनी सोलापूर येथे, सरकारने ज्यांस गुन्हेगार जमाती ठरविले होते अशा लोकांच्या वसाहतीत काम पत्करिले. जन्मतःच माथी शिक्का बसलेल्या त्या माणसांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले आणि १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. तो अन्यायी कायदा रद्द झाला तो त्यानंतर, १९५२ साली.

१९३८ साली ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि बाळूताई खरे यांच्या मालती बेडेकर झाल्या. मालती हे जाईच्या जातीच्या एका सुगंधी वेलीचे नाव. कळ्यांची कैफियत मांडणाऱ्या लेखिकेस सासरी नाव मिळाले ते फुलाचेच. तथापि कथा-कादंबऱ्यांवर त्यांनी विभावरी शिरूरकर हेच नाव ठेविले. ते कोणी दिलेले नव्हते. त्यांनी स्वतः घेतलेले होते. १९८१ साली मुंबईस भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि २००१ साली त्या निवर्तल्या.

माहेरचे आडनाव विवाहाबरोबर मागे पडले, पण पुसले गेले नाही. मुलींना शिकविण्यासाठी लोकनिंदा सोसणाऱ्या आपल्या वडिलांवर त्यांनी १९५३ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘खरेमास्तर’.