श्रीशंकराच्या नावे चाललेले राज्य

श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने ठिकठिकाणी कीर्तने होतात, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत बाईंनी बांधलेल्या देवळांची, घाटांची व धर्मशाळांची यादी कीर्तनकार बुवा श्रोत्यांस ऐकवितात. ती यादी ऐकताना ऊर भरून येतो, यात शंका नाही. परंतु आज आम्हांस बाईंच्या चरित्राचा दुसरा भाग सभासद बंधुभगिनींपुढे मांडावयाचा आहे. घरात अकाली मृत्यू घडला म्हणजे समाचारास आलेली मंडळी, ईश्वरी इच्छा, इतके म्हणून खाली मान घालून बसतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्या घरचा दिवा विझला, त्यास त्या दोन शब्दांचे काय करावे हे उमगत नाही. ज्या बाईंनी पती, सासू, सासरे, मुलगा, नातू, जावई व मुलगी अशी सात माणसे एकामागून एक गमावली, आणि तरीही आपल्या राज्याचा कागद देवाच्याच नावाने काढला, त्यांनी त्या दोन शब्दांचा अर्थ काय लावला असेल?

बाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून तो जिल्हा आता बाईंच्याच नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. सुभेदार मल्हारराव होळकरांचा मुक्काम त्या गावी पडला असता देवळात दिसलेली ही चुणचुणीत मुलगी त्यांनी सून म्हणून पसंत केली, अशी परंपरागत कथा आहे. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी लग्न झाले व आठ वर्षांची ती मुलगी माळव्यात आली. पुढे १७४५ साली मालेराव व १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. सासूबाई गौतमाबाई करारी होत्या. घरचा कारभार, हिशेब व माणसांची पारख सुनेने त्यांच्या हाताखाली शिकून घेतली.

१७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरकर जाटांच्या कुंभेर किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असता किल्ल्यावरून सुटलेला तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. बाईंचे वय त्या वेळी एकोणतीसही पुरे नव्हते. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. त्या काळची समजूत, कुळाची रीत आणि स्वतःचे दुःख ही तिन्ही त्यांना एकाच दिशेस ओढीत होती. तेव्हा साठीकडे झुकलेला तो शूर सासरा, ज्याच्या नावाने उत्तरेतील राजेरजवाडे दचकत, तो सुनेपुढे दीन झाला. मुलगा तर गेलाच, आता तूही गेलीस तर या वयात मी कोणाकडे पाहावे, तूच माझा खंडू, अशा अर्थाची विनवणी त्यांनी केली, आणि बाई मागे फिरल्या.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतो. पुढचा इतिहास आपणांस ठाऊक असल्यामुळे, देवानेच माळव्यासाठी ही राणी राखून ठेवली, असे म्हणणे आपणांस सोपे जाते. आमचाही विश्वास तोच आहे. पण त्या दिवशी कुंभेरच्या छावणीत हे कोणास दिसत होते? मल्हाररावांस राज्याची वारस हवी होती असे नव्हे. हाताशी दोन नातवंडे होती. त्यांना फक्त म्हातारपणी एक आधाराचे माणूस हवे होते. बाईंच्या दृष्टीने तर मागे राहणे हे त्या काळच्या समाजात कमीपणाचेच होते. ईश्वराचे सूत्र असे एखाद्या वृद्धाच्या रडण्याआडून हालत असते, आणि ज्याच्या हातून ते हालते त्यासही त्याची वार्ता नसते.

पुढील बारा वर्षे मल्हाररावांनी सुनेस खरोखरच मुलाप्रमाणे वागविले. ते स्वतः मोहिमांवर असत. मागे वसुली, दाणावैरण, तोफा व दारूगोळा यांची तजवीज बाईंनी पाहावी अशी त्यांची पत्रे येत. १७६१ च्या जानेवारीत पानिपतचा घात झाला आणि त्याच वर्षी गौतमाबाई वारल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावही गेले. गादीवर मालेराव बसले. त्यांची प्रकृती व मन दोन्ही अस्वस्थ होती. अवघ्या वर्षभरात, १७६७ साली, तेही आजारी पडून वारले. आईने पोटच्या मुलास हत्तीच्या पायी दिले अशी एक आख्यायिका कोठे कोठे सांगितली जाते. तिला इतिहासाचा काडीचाही आधार नाही. मुलाच्या शेवटच्या दुखण्यात आई त्याच्या उशाशी होती. कीर्तनातून ती कथा गाळली जाईल तर बरे.

आता राज्यास पुरुष वारस उरला नाही. कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले की बाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे, स्वतःस नेमणूक घेऊन देवधर्म करीत स्वस्थ बसावे आणि कारभार आपल्याकडे सोडावा. राघोबादादांचे त्यास पाठबळ होते व ते फौज घेऊन क्षिप्रेच्या रोखे आलेही. देवभक्त विधवेने देवभक्तीच करावी, हा सल्ला वरून किती साळसूद दिसतो! बाईंनी तो मानला नाही. एका धन्याची मी पत्नी व दुसऱ्याची आई, तेव्हा पुढे कोणास नेमावे हे ठरविण्याचा अधिकार माझा, असे त्यांनी स्पष्ट कळविले. महादजी शिंद्यांसारख्या सरदारांकडे माणसे पाठविली, तुकोजी होळकरांस फौजेनिशी पुढे केले आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी न्याय बाईंच्या बाजूने दिला. राघोबादादा समाचाराचे निमित्त सांगून लढाईवाचून परतले. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळणे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी १७६७ चे हे प्रकरण मुळातून अभ्यासावे.

कारभार हाती येताच बाईंनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास नेली. फौजेचे काम तुकोजींकडे व मुलकी राज्य स्वतःकडे अशी वाटणी केली, आणि ती सुमारे अठ्ठावीस वर्षे चालली. त्यांच्या आज्ञापत्रांवर त्यांच्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे. राज्य शंकराचे, आपण त्याच्या चाकर, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे पुष्कळ राजांनी आपले राज्य देवास वाहिले आहे. परंतु देवाचे नाव कागदावर घातले की त्या कागदात खोटे, अन्याय वा आळस यांस जागा उरत नाही, हा त्यातील अवघड भाग थोड्यांनीच पाळला. १८१७ साली महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध लढलेल्या सर जॉन माल्कम या इंग्रज सेनाधिकाऱ्याने पुढे माळव्यात राहून बाईंविषयी माहिती गोळा केली. त्यांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. ऐकलेल्या स्तुतीत अतिशयोक्ती असावी असे वाटून त्याने निरनिराळ्या लोकांकडे चौकशी केली आणि १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले की, सत्तेच्या प्रत्येक वापराचा जाब आपणांस देवापुढे द्यावयाचा आहे अशी या बाईंची धारणा होती. शत्रुपक्षाची ही साक्ष आम्हांस शंभर आरत्यांहून मोलाची वाटते.

त्याच ग्रंथात बाईंची दिनचर्या आहे. पहाटेपूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग भोजन व थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार सुरू होई तो दिवे लागणीपर्यंत. पुन्हा दोन-तीन तास उपासना, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत राज्याचे काम. बाई पडदा पाळीत नसत. गाऱ्हाणे घेऊन आलेला कुणबीही थेट त्यांच्यासमोर उभा राही. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले, आणि ग्रंथ नर्मदेत टाकावयास लावला. पुढे त्या कवीची विचारपूसही केली नाही, असे माल्कम लिहितो. कवीविषयी आम्हांस थोडे वाईट वाटते खरे.

धर्मकार्याचा खर्च खासगीच्या उत्पन्नातून होई. होळकर घराण्यातील स्त्रियांच्या नावे पेशव्यांनी लावून दिलेला हा मुलूख राज्याच्या खजिन्याहून निराळा होता व त्याचा हिशेबही निराळा असे. काशीस औरंगजेबाच्या आज्ञेने १६६९ साली विश्वेश्वराचे देऊळ पाडले गेले होते. जुन्या जागेस लागून बाईंनी १७८० साली आजचे मंदिर उभे केले. सोमनाथास १७८३ साली देऊळ बांधले, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. मोठमोठ्या तीर्थांशिवाय वाटसरूंसाठी विहिरी, उन्हाळ्यात नांगराच्या बैलांना पाणी पाजण्यासाठी नेमलेली माणसे, पाखरांसाठी विकत घेऊन मोकळी सोडलेली उभी शेते, अशा बारीक गोष्टींचीही आठवण लोकांनी ठेवली होती.

आणि मग १७९० च्या सुमारास पुन्हा मृत्यू दारी आला. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा विसावा होता व तिच्याजवळच वाढला. तो ऐन तारुण्यात दुखणे होऊन गेला. त्यामागून १७९१ साली यशवंतरावही वारले, आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

सदतीस वर्षांपूर्वी कुंभेरला जे घडले तेच आता उलट बाजूने घडत होते. तेव्हा विनविणारा सासरा होता व थांबणारी सून. आता विनविणारी आई होती. या जगात मला एकटी सोडू नकोस म्हणून बाईंनी मुलीचे पाय धरावे इतकी करुणा भाकली. मुलीने ऐकले नाही. आई आता थकली आहे, थोड्या दिवसांत तीही जाईल. मग पती नाही, पुत्र नाही, आई नाही, असे आयुष्य मी कसे कंठावे, असे तिचे म्हणणे पडले. सती ही चाल पुढे १८२९ पासून कायद्याने बंद होत गेली व आज तो गुन्हा आहे. तिचा गौरव करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही; एका आईवर काय ओढवले ते सांगण्यापुरतेच लिहितो.

बाई यात्रेबरोबर चालत गेल्या. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा वर चढल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या किंचाळल्या, धरलेले हात सोडवून घेण्यासाठी धडपडल्या आणि तसे करता येईना तेव्हा स्वतःच्याच हातांना दातांनी चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही व एक शब्दही उच्चारला नाही.

हा प्रसंग चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. पुण्यश्लोक म्हणविल्या जाणाऱ्या बाईंनी असे हात चावावेत हे त्यांस अडचणीचे वाटत असावे. आम्हांस तसे वाटत नाही. ईश्वराच्या सत्तेवर ज्यांचा सर्व भार होता त्यांच्याही तोंडून त्या दिवशी समाधानाचा शब्द निघाला नाही. आपले दुःख हे अंती शुभच आहे असा देखावा त्यांनी केला नाही, आणि मल्हाररावांना मिळाले ते आपणांस का मिळाले नाही याचा उलगडाही त्यांना कोणी करून दिला नाही. कुंभेरच्या दिवसाचा अर्थ निदान मागाहून उमजला. मुक्ताबाईंच्या दिवसाचा अर्थ, आमच्या अल्प समजुतीप्रमाणे, आजही कोणास सांगता यावयाचा नाही. जे कोणी घरातल्या मृत्यूनंतर देव्हाऱ्यापुढे बसून गप्प झाले असतील, नामस्मरणही ज्यांच्या ओठांवर येत नसेल, त्यांनी आपली श्रद्धा गेली असे मानण्याचे कारण नाही. महेश्वरच्या वाड्यातही तीन दिवस असेच गेले होते.

चौथ्या दिवसापुढचे फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. एवढे दिसते की बाईंनी मुलीच्या व जावयाच्या स्मरणार्थ सुंदर वास्तू उभारली आणि दरबाराचे काम पुन्हा चालू झाले. अजून सुख पुढे होते असेही नाही. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा शिंद्यांच्या फौजेने मोड केला. ज्या महादजींच्या साह्याने १७६७ साली राज्य सावरले, त्यांच्याच सैन्याने हा घाव घातला. तुकोजींच्या घरात पोरांची भांडणे वाढत होती. बाई सत्तरीस आल्या होत्या, आणि कागद तरीही निघत होते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे नर्मदाकाठी त्यांनी देह ठेवला. इंदुरात दरवर्षी त्या तिथीस बाईंची पालखी निघते. उत्तरेकडील पंचांगांत तो पंधरवडा भाद्रपद कृष्णपक्ष म्हणून छापलेला असतो व आपल्या पंचांगात श्रावण वद्य. तेव्हा दर्शनास जाणाऱ्या मंडळींनी महिन्याच्या नावावरून घोटाळा करून घेऊ नये. चतुर्दशी दोन्हींकडे एकच आहे.